‘अँकर’ या शब्दाला सगळीकडे ‘नांगर’ म्हणावे का?

कागदी होडी (सदाशिव पेठ, पुणे)

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. व्यापारी जहाजांवर उमेदीची सगळी वर्षे काढलेल्या एका निवृत्त कप्तानांच्या आठवणींचे हस्तलिखित सध्या माझ्याकडे आले आहे. माझा जन्म पुण्यातला. समुद्र म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा गुहागर, आणि शिडाची होडी म्हणजे खडकवासल्याच्या पाण्यात लांबून दिसलेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांची होडी, एवढीच माझी पुंजी आहे. त्यामुळे जाणकारांना विचारल्यावाचून पुढे जाण्याचे धाडस होत नाही.

अडचण ‘अँकर’ या एका शब्दाची आहे. जहाजाचा अँकर पुस्तकात पानोपानी येतो, हे साहजिकच आहे. परंतु लेखकांना हा शब्द इतका प्रिय आहे की दूरचित्रवाणीवरचा अँकर, क्रिकेटमधला ‘शीट अँकर’, मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने आलेला ‘अँकर इन्व्हेस्टर’ आणि घर सांभाळणारी पत्नी, या सर्वांसाठी त्यांनी तोच वापरला आहे. संपादकांचे म्हणणे असे की पुस्तकभर एकवाक्यता हवी, म्हणून सर्वत्र ‘नांगर’ लिहावे.

मला ते पटत नाही. पुण्याच्या वाचकाला ‘नांगर’ म्हटले की आधी शेत दिसते आणि लगेच लाल महालातला सोन्याचा नांगर. मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पुढे जिजाबाईंनी त्याच भूमीत सोन्याचा नांगर धरवला, ही कथा इथल्या प्रत्येकाने शाळेत ऐकलेली असते. अशा वाचकासमोर ‘तिने आमच्या घराला नांगर घातला’ असे वाक्य ठेवले, तर त्या बाईने घर सावरले की घरादारावर नांगर फिरवला, असा प्रश्न त्याला पडेल.

शिवाय एक वाक्य मला मुळातच उलगडलेले नाही: ‘वी वेअर ब्रॉट अप विथ फाइव्ह शॅकल्स इन ट्वेल्व्ह फॅदम्स’. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ‘पाच बेड्या घालून आम्हाला वर आणण्यात आले’ असे लिहून बसले होते. कप्तानांना कोणत्याही बंदरात अटक झाल्याचा उल्लेख पुस्तकात नाही, तेव्हा माझे काहीतरी चुकले आहे, एवढे मात्र कळले.

डेकवरून (कोथरूड)

नमस्कार. आपल्या बेड्या वाचून पुष्कळ दिवसांनी मोकळेपणाने हसलो. राग मानू नये. मी स्वतः सत्तावीस वर्षे जहाजावर होतो आणि माझे आजोबा हर्णैच्या बाजूला मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते, तेव्हा दोन्हीकडची भाषा थोडीफार कानावर आहे. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात एकाला लागून एक असे तीन सापळे आहेत.

‘शॅकल’ ही इथे बेडी नाही, नांगराच्या साखळीची लांबी आहे. साखळीचे ठरावीक लांबीचे तुकडे एका कडीने एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या कडीवरून प्रत्येक तुकड्यालाच शॅकल म्हणतात. एक शॅकल म्हणजे पंधरा फॅदम, नव्वद फूट, सुमारे साडेसत्तावीस मीटर. ‘फॅदम’साठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे तो ‘वाव’: दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर. कोकणातले मच्छीमार पाण्याची खोली वावांतच सांगतात, म्हणून तिथे ‘फॅदम’ ठेवण्याचे काहीच कारण नाही. राहिला ‘ब्रॉट अप’. हा खरा चकवा आहे. त्याचा अर्थ नांगर वर काढला असा मुळीच होत नाही. नांगराने तळ पक्का धरला, साखळीला ताण आला आणि जहाज त्यावर स्थिर झाले, असा होतो. म्हणजे शब्दशः भाषांतर केले तर अर्थ नेमका उलटा होतो.

आता बारा वाव, म्हणजे जेमतेम बावीस मीटर पाण्यात पाच शॅकल, म्हणजे सुमारे एकशे सदतीस मीटर साखळी कशासाठी सोडायची, असे आपल्या वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर अनुवादालाही उपयोगी पडेल. नांगर आपल्या वजनाने जहाजाला धरून ठेवतो, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती बरीचशी चुकीची आहे. नांगराचे फाळ चिखलात किंवा वाळूत रुततात, आणि त्यांच्यावरची ओढ जोवर तळाला समांतर असते तोवर ते अधिकाधिक खोल जातात. ओढ समांतर राहावी म्हणून साखळीचा बराचसा भाग तळावर नुसता पडून राहायला हवा. म्हणून खोलीच्या पाच-सहा पट साखळी सोडतात. साखळी अपुरी असेल तर जहाज वाऱ्याने मागे सरकताना नांगराची दांडी वर उचलली जाते आणि फाळ सुटतात. नांगर काढतानाही हेच मुद्दाम करायचे असते: साखळी ओढत ओढत ती सरळ उभी होईपर्यंत आणायची, म्हणजे नांगर तळातून निघतो. त्या क्षणी नाळेवरचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचा, अधिकारी ‘अँकर अवे’ असे कळवतो. हा ‘अवे’ म्हणजे ‘दूर’ नव्हे. तो ‘वे’ या क्रियापदापासून आलेला आहे, ज्याचा अर्थ आज ‘वजन करणे’ असा असला तरी इथे ‘उचलणे’ असा आहे. तेव्हा ‘वे अँकर’ दिसले की ‘नांगराचे वजन केले’ असे कृपया लिहू नये. मी ते छापलेले पाहिले आहे.

आपल्या कप्तानांच्या लिखाणात आणखी दोन जागी ठेच लागण्याचा संभव आहे. ‘ड्रॅगिंग अँकर’ म्हणजे कोणी नांगर ओढत नाही. तळ न धरल्यामुळे नांगर जहाजामागोमाग फरफटत जातो. त्याला आमच्याकडे ‘नांगर घसरला’ असे म्हणत. आणि ‘बिटर एंड’ हे नांगराच्या संदर्भात आले तर त्यात कडवटपणा काही नाही. ते साखळीचे जहाजाच्या आत पक्के केलेले शेवटचे टोक आहे.

एक कायदेशीर बारकावा सांगून थांबतो. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत जहाज ‘अंडरवे’ आहे असे केव्हा म्हणायचे, हे ठरवून दिलेले आहे: ते नांगरलेले नसेल, किनाऱ्याला बांधलेले नसेल आणि तळाला टेकून अडकलेले नसेल, तर ते ‘अंडरवे’. इंजिन बंद करून जागच्या जागी तरंगणारे जहाजसुद्धा त्यात येते, म्हणून ‘मार्गस्थ’ हा शब्द तिथे प्रत्येक वेळी बसेलच असे नाही. नांगरलेल्या जहाजाने दिवसा पुढच्या भागात एक काळा गोळा टांगायचा आणि रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा, हेही त्याच नियमांत आहे. हस्तलिखितात ‘ब्लॅक बॉल’ आला तर तो खेळातला चेंडू समजू नये.

समुद्रावरच्या अँकरला ‘नांगर’च म्हणावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जमिनीतला फाळ जे करतो तेच समुद्रतळातला फाळ करतो, फरक एवढाच की त्याने पुढे जायचे नसते. केंब्रिजचे गणिती जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये लहान नौकांसाठी एक नवा अँकर तयार केला, तो अगदी शेतातल्या नांगराच्या फाळासारखा होता आणि त्या घाटाच्या अँकरना इंग्रजीत ‘प्लाउ अँकर’ म्हणजे ‘नांगरी अँकर’च म्हणतात. आपल्या लोकांना ते साम्य फार पूर्वीच दिसले असावे.

धातुपाठ (डेक्कन जिमखाना)

डेकवरून यांचा प्रतिसाद संग्रही ठेवण्यासारखा आहे, परंतु त्यांच्या शेवटच्या अंदाजाशी मी सहमत नाही. फाळाच्या साम्यावरून नाव पडले असते, तर ज्याला फाळ नाही त्याला नांगर म्हणायला लोक कचरले असते. द्वारका आणि बेट द्वारकेजवळ समुद्रतळावर भोके पाडलेले दगडी अँकर मोठ्या संख्येने सापडले आहेत, त्यांतले काही तिकोनी आणि तीन भोकांचे आहेत, आणि त्यांनाही आपण बिनदिक्कत ‘दगडी नांगर’ म्हणतो.

शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’ या शब्दावरून आला, यात वाद नाही. आरंभीच्या ‘ल’चा ‘न’ होणे किंवा ‘न’चा ‘ल’ होणे आपल्याला परके नाही. ‘निंब’ आणि ‘लिंब’ ही जोडी सर्वांच्या ओळखीची आहे. दुसरीकडे जहाजाच्या अँकरला फारसीत ‘लंगर’ म्हणतात आणि हिंदीनेही तोच शब्द घेतला. अरबी समुद्रावर जा-ये करणाऱ्या खलाशांच्या तोंडचा ‘लंगर’ आपल्या किनाऱ्यावर आला आणि घरात आधीपासून असलेल्या ‘नांगर’ या शब्दात मिसळून गेला, ही शक्यता मला अधिक पटते. साम्य असेल तर ते नंतर दिसले असेल.

तसे असले तरी अनुवादकाने ‘नांगर’ या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही, कारण मराठीत त्याचा अर्थ कर्मावरून आपोआप ठरतो. ‘शेत नांगरले’ म्हणजे दिवसभर हिंडून उलथेपालथे केले आणि ‘जहाज नांगरले’ म्हणजे हलू नये असे केले. एकाच क्रियापदाचे असे दोन परस्परविरुद्ध अर्थ सुखाने नांदत असताना आजवर कोणाचाही गोंधळ झालेला नाही. गोंधळ होतो तो कर्म या दोन्हींपैकी कोणतेच नसते तेव्हा, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या घरासारखे.

इंग्रजी शब्दाचे कूळही पाहण्यासारखे आहे. ग्रीक ‘आंकिरा’, त्यावरून लॅटिन ‘आंकोरा’, आणि तिथून तो फार जुन्या काळीच इंग्रजीत गेला. त्याच्या वर्णलेखनातला ‘एच’ लॅटिनच्या एका चुकीच्या लेखनावरून पुढे घुसडला गेला, म्हणून तो लिहितात पण उच्चारत नाहीत. तुर्कस्तानच्या अंकारा या राजधानीचे प्राचीन नाव ‘आंकिरा’ म्हणजे हाच शब्द होता. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाला ते मिळावे याची मला नेहमी मौज वाटते. मूळ धातूचा अर्थ वाकणे असा आहे आणि त्याच कुळातला आपला शब्द म्हणजे माहुताच्या हातातला ‘अंकुश’. वाकलेले, टोकदार आणि अवाढव्य वस्तूला आवरणारे, असे दोघांचेही काम आहे. डेकवरून यांनी सांगितलेला ‘वे’ तर अधिकच जवळचा आहे: त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ ‘वाहून नेणे’ असा होता आणि संस्कृत ‘वह्’ हा त्याचाच सगोत्र. ‘ओझे वाहिले’ या आपल्या प्रयोगातले वाहणे आणि नांगर उचलण्याची ती आज्ञा एकाच घरातली आहे.

कातळवेडा (वारजे)

अनुवादाशी माझा संबंध नाही, पण गेली पंधरा वर्षे दर रविवारी सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो आणि आमचे सगळे जगणे या शब्दावर टांगलेले असते. कातळात ठोकलेले बोल्ट किंवा भक्कम झाड यांना दोर बांधून जो आधार तयार करतात, त्याला आम्ही मराठीत बोलतानाही ‘अँकर’च म्हणतो. भार एकाच बिंदूवर येऊ नये म्हणून शक्यतो दोन किंवा तीन ठिकाणी वाटून घेतात. ‘नांगर लावला का?’ असे वरून कोणी विचारले तर खालच्याला हसू आवरणार नाही, आणि तिथे हसणे परवडत नाही.

बांधकामावरही तीच रीत आहे. इमारतीच्या पायात गाडून ज्यावर लोखंडी खांब बसवतात ते अँकर बोल्ट, आणि भिंतीत भोक पाडून आत फुगवून बसवतात ते अँकर फास्टनर. बोहरी आळीत जाऊन ‘नांगर बोल्ट’ मागून पाहावे. तपकीर गल्लीत मात्र नुसते ‘अँकर’ म्हटले तर दुकानदार विजेची बटणे दाखवील, कारण तिथे ते एका कंपनीचे नाव आहे.

खालच्या पट्टीत (कर्वेनगर)

वरच्या मताला माझा आक्षेप नाही, परंतु त्यावरून जमिनीवर सगळीकडे ‘अँकर’ लिहावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. मी अनेक वर्षे कार्यक्रमांचे सूत्रसंचालन करतो. आता मला बोलावणारे लोक ‘अँकरिंग कराल का?’ असे विचारतात आणि लग्नाच्या संगीतापासून गणेशोत्सवापर्यंत सर्वत्र हाच शब्द ऐकू येतो. ‘निवेदक’, ‘वृत्तनिवेदक’ आणि ‘सूत्रसंचालक’ हे तीन चांगले, वापरातले आणि एकमेकांहून वेगळे शब्द असताना त्या तिघांच्या जागी एक ‘अँकर’ बसवणे म्हणजे आपणच आपले नुकसान करून घेणे आहे.

तसाही दूरचित्रवाणीवरचा अँकर जहाजावरून थेट स्टुडिओत आलेला नाही, मध्ये त्याने मैदानावर मुक्काम केला आहे. रस्सीखेचीत सर्वांत शेवटी उभा राहून दोर अंगाभोवती घेणारा गडी ‘अँकर’, आणि रिले शर्यतीत शेवटचा टप्पा धावणाराही ‘अँकर’. अमेरिकेत १९५२ च्या राजकीय पक्षांच्या अधिवेशनांचे प्रक्षेपण वॉल्टर क्रॉंकाइट यांनी सांभाळले, तेव्हापासून हा शब्द वृत्तनिवेदकाला चिकटला. ठिकठिकाणच्या वार्ताहरांची बातमी शेवटी ज्याच्या हाती येते तो, असा तो अर्थ आहे. हल्लीचे काही वृत्तनिवेदक पाहता त्यांना स्थिरतेचे प्रतीक म्हणावे काय, हा निराळा प्रश्न आहे.

क्रिकेटचे म्हणाल तर मराठीला अडचणच नाही. ‘एक बाजू लावून धरली’ हा प्रयोग आपल्याकडे पूर्वीपासून आहे आणि ‘खेळपट्टीवर नांगर टाकला’ असेही समालोचक म्हणत आले आहेत. २००३ च्या ॲडलेड कसोटीत राहुल द्रविडने २३३ आणि नाबाद ७२ धावा करून सामना जिंकून दिला, त्याचे वर्णन या दोन्हींपैकी कोणत्याही शब्दांनी केले तरी वाचकाला पोचेल.

शेअर बाजारात मात्र गंमत आहे. ‘अँकर इन्व्हेस्टर’ला काही मराठी वृत्तपत्रे ‘सुकाणू गुंतवणूकदार’ म्हणतात. कंपनीच्या समभागांची प्रारंभिक विक्री सर्वांसाठी खुली होण्याच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी ज्या मोठ्या संस्थांना समभाग दिले जातात, त्या या. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’ने ही पद्धत २००९ मध्ये आणली. आता नांगराचे सुकाणू कसे झाले, हे डेकवरून यांनीच सांगावे.

डेकवरून (कोथरूड)

हे मला ठाऊक नव्हते आणि वाचून सकाळच्या चहाची चव गेली. सुकाणू जहाजाला वळवते, आणि तेही जहाज चालू असतानाच. नांगर त्याला एका जागी धरतो. दोन्ही एकाच वेळी कामाला लावणारा कप्तान नोकरीत फार दिवस टिकत नाही. माझ्या पुतण्याला विचारले तेव्हा कळले की या संस्थांना मिळालेले निम्मे समभाग तीस दिवस आणि उरलेले नव्वद दिवस विकता येत नाहीत. म्हणजे त्यांच्याकडून अपेक्षा आहे ती जागचे न हलण्याची, दिशा दाखवण्याची नव्हे. परंतु वृत्तपत्रांत शब्द रुळलेला असेल तर अनुवादिकेने एकटीने नवा मराठी शब्द घडवून त्याविरुद्ध वल्हे मारावे असे मी म्हणणार नाही. तिथे सरळ ‘अँकर गुंतवणूकदार’ लिहावे.

कागदी होडी (सदाशिव पेठ, पुणे)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. संपादकांना हा धागा दाखवला. समुद्रावर ‘नांगर’, दूरचित्रवाणीवर ‘वृत्तनिवेदक’, क्रिकेटमध्ये ‘एक बाजू लावून धरणे’ आणि बाजारात ‘अँकर गुंतवणूकदार’ एवढे त्यांनी मान्य केले आहे, थोड्या नाखुशीने का होईना. बेड्यांचे वाक्य आता असे झाले आहे: ‘बारा वाव पाण्यात पाच शॅकल साखळी सोडल्यावर नांगराने तळ धरला आणि आमचे जहाज स्थिरावले.’

एकच गाठ सुटत नाही. पत्नीबद्दल लेखकांनी ‘शी वॉज माय शीट अँकर’ असे लिहिले आहे. मी ‘आधारवड’ सुचवला, संपादकांना ‘आधारस्तंभ’ हवा आहे.

डेकवरून (कोथरूड)

आधी हे सांगतो की यातली ‘शीट’ म्हणजे पत्रा नव्हे. पूर्वीच्या जहाजांवर नाळेच्या दोन्ही बाजूंना रोजच्या वापराचे दोन नांगर असत, त्यांना ‘बाउअर’ म्हणत. त्यांखेरीज एक मोठा नांगर वेगळा बांधून ठेवलेला असे. वादळात रोजचे नांगर घसरू लागले किंवा त्यांचे दोर तुटले, तर अखेरचा उपाय म्हणून तो टाकायचा. तोच ‘शीट अँकर’. म्हणून ‘आधारवड’ मला पुरेसा वाटत नाही. वडाची सावली बाराही महिने असते, आणि या नांगराची आठवण सगळे उपाय थकल्यावर होते. लेखक दर्यावर्दी आहेत, त्यांच्या तोंडी समुद्राचीच प्रतिमा राहू द्यावी. ‘वादळासाठी राखून ठेवलेला माझा मोठा नांगर’ असे काहीसे करता येईल.

धातुपाठ (डेक्कन जिमखाना)

अर्थ बरोबर आहे, पण पत्नीला ‘राखून ठेवलेला मोठा नांगर’ म्हणण्यापूर्वी लेखकांनी घरी विचारलेले बरे.

कागदी होडी (सदाशिव पेठ, पुणे)

विचारले. लेखकांना दूरध्वनी करून दोन्ही पर्याय वाचून दाखवले, तेव्हा बाई शेजारीच बसल्या होत्या. नवरा वर्षातले नऊ महिने समुद्रावर असताना दोन मुले, सासूबाईंचे आजारपण आणि घराचे हप्ते आपण सांभाळले, त्यात राखीव असे काय होते, असे त्यांनी विचारले. तो मोठा नांगर नको, रोज टाकतात तो लिहा, असे त्यांचे स्पष्ट मत पडले, आणि कप्तानांनी ते तत्काळ मान्य केले. तेव्हा पुस्तकात आता ‘माझा रोजचा नांगर तीच होती’ असे छापले जाईल. घर या शब्दापासून नांगर मी दोन वाक्ये दूर ठेवला आहे.